पंगतीत ठेवलेले तस्त

दूरदेशी सहा वर्षे राहून वाइनचे शास्त्र शिकलेली एक तरुणी एकदा स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणाऱ्या एका वृद्ध बागायतदाराकडे गेली. तिला वाटले होते, एवढा नावाजलेला माणूस एखाद्या थंड तळघरात भेटेल. तो मोजके बोलेल, पेला उजेडाकडे धरेल आणि तिने कधी न ऐकलेली गंधांची नावे घेईल. प्रत्यक्षात तो तिला द्राक्षबागेच्या कडेला गोणपाटावर, पंधरा-वीस बायांच्या घोळक्यात बसलेला आढळला. तो हरभऱ्याचे घाटे सोलत होता, आणि ठकूबाई नावाची मुकादम त्याची यथेच्छ थट्टा करत होती.

"बाबा, तुम्ही सोलेस्तवर पुढच्या सालचा हरभरा येईल."

"येऊ दे. तोही मीच सोलीन," वृद्ध म्हणाला.

तरुणीला घाई होती. आपल्या माणसांना आपल्याच मातीतली चव ओळखता यावी, या ध्यासाने ती परतली होती. शहरात तिने वाइनच्या रसास्वादाचा एक वर्ग काढला होता. चाळीस जणांनी नावे दिली होती, आणि पहिला वर्ग येत्या रविवारी होता. त्यासाठी तिला या वृद्धाचीच वाइन हवी होती. ती मिळाली नाही तर परदेशी बाटल्यांवर वर्ग सुरू करावा लागणार होता. मग आपण परत आलो तरी कशाला, हा प्रश्न तिला महिनाभर छळत होता. तिने बसण्याआधीच हे सगळे सांगून टाकले.

"बस तर आधी," वृद्ध म्हणाला. "बरोबर दिवशी आलीस. उद्या तोडणी सुरू."

त्या बागेत एक रिवाज होता. नवी तोडणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गेल्या वर्षीच्या वाइनच्या पहिल्या बाटल्या उघडायच्या, त्या तोडणीच्या बायांनी उघडायच्या, आणि प्रत्येकीने एकेक पेला घ्यायचा. एकच. दुसरा मागायचा नाही. ठकूबाईने बाटल्या उघडल्या, स्टीलच्या छोट्या पेल्यांतून वाइन वाटली आणि पाहुणी म्हणून पहिला पेला तरुणीच्या हातात दिला. सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या.

तरुणीने पेला गोल फिरवला, नाकाशी नेला, एक घोट तोंडात घेऊन जिभेवर घोळवला. डोळे मिटले. मग बाजूला वळून तिने तो घोट मातीत थुंकला, उरलेला पेलाही ओतून दिला, आणि वहीत गुणांचा आकडा लिहिला. आकडा उत्तम होता. तिच्या मते याहून मोठा गौरव नव्हता.



"काय झालं ताई? विंचू होता का काय त्याच्यात?" एक जण म्हणाली, पण कोणी हसले नाही.

ठकूबाई ओल्या मातीकडे बघत म्हणाली, "गेल्या साली एकेक घड निवडून घेतला होता आम्ही. खाली पडलेला मणी घेतला नाही."

"अहो, छान आहे! फार छान आहे. चाखताना गिळायचं नसतं, एवढंच," तरुणी गडबडून म्हणाली. ती बोलत गेली तसतसे प्रकरण अधिकच बिघडत गेले. अखेर तिने वृद्धाला विचारले, "बाटल्या मिळतील ना?"

"आधी जेव. मग बोलू."

दुपारी ज्वारीच्या शेताच्या बांधाशी पंगत बसली. जेवणाआधी हुरडा होता. आगटीतल्या निखाऱ्यांत कोवळी कणसे भाजून ठकूबाई ती हातांवर चोळत होती आणि गरम हिरवे दाणे ज्याच्या त्याच्या तळव्यावर ठेवत होती. मग बाजरीची भाकरी, भरीत, ओल्या हरभऱ्याची आमटी. तरुणी आपल्या जागी बसली, तेव्हा वृद्ध स्वतः उठला. हात धुण्यासाठी असते तसे पितळेचे एक तस्त त्याने घासून लखलखीत करून आणले होते. ते त्याने तिच्या पानाच्या उजव्या बाजूला आदराने ठेवले.

तिच्या तळव्यावर दाणे पडले. तिने ते तोंडात टाकले. वृद्धाने हात जोडले आणि तस्ताकडे खूण केली.

"थुंक आता."

तिला वाटले, थट्टा असेल. तिने गिळले. भाकरीचा पहिला घास झाला. वृद्ध पुन्हा थांबला. "थुंक की. आमटीच्या वेळी अडचण होईल."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, मला अपमान करायचा नव्हता. मी शिकले तेच केलं. मग सर्वांदेखत हे कशासाठी?"

तेव्हा वृद्धाने तस्त उचलून आपल्या मागे ठेवले आणि तिच्याजवळ बसला.

"पोरी, तू शिकलीस ते खोटं नाही. वाइनच्या टाकीपाशी उभा असतो तेव्हा मीही थुंकतो. दिवसाला तीस टाक्या तपासायच्या तर दुसरा उपाय नाही. तिथे मी कारागीर असतो. दोष शोधणं हे माझं कामच. पण पंगतीत आलो की मी पाहुणा. तू मात्र पंगतीतही टाकीपाशीच उभी आहेस. वाइनचं अर्धं काम जिभेवर होतं. उरलेलं अर्धं घशाखाली गेल्यावर, शेजारी बसलेल्या माणसात. ते तू रोज मातीत ओततेस. म्हणून इतकं चाखूनही तू उपाशी दिसतेस."

तिने भाकरीचा आणखी एक घास मोडला.

"किती वाइन चाखल्यास आजवर?" त्याने विचारले.

"अकराशेच्या वर."

"त्यांतली आठवण कुठल्या पेल्याची येते?"

ती विचार करू लागली. गुण आठवत होते; पेला एकही आठवेना. मग अचानक एक आठवला. शिक्षण सुरू होण्याच्या आधीचा, परक्या गावातला पहिला शरद ऋतू. घरमालकिणीने स्वयंपाकघरात चेस्टनट नावाच्या टणक सालीच्या बिया भाजल्या होत्या आणि सोबत त्या वर्षीची कच्ची, गढूळ, आंबटसर वाइन ओतली होती. बोटे पोळत होती. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी कशालातरी खूप हसल्या होत्या. त्या संध्याकाळमुळेच तिने हे शास्त्र शिकायचे ठरवले होते.

तिने ते सांगितले.

"चांगली होती का ती वाइन?"

"नाही. दहातले तीनसुद्धा दिले नसते."

"आणि त्या दिवशी तुला वाइनमधलं किती कळत होतं?"

"काहीच नाही."

वृद्धाने तिच्या पानात आमटी वाढली. "बाटल्या देईन मी. रविवारी पिणारे किती, तेवढं सांग."

"चाळीस जण आहेत. पण पिणार नाहीत, चाखणार..." ती मध्येच थांबली.

"मग पाणी ने. तस्तात ओतायला तेही चालतं," ठकूबाई पलीकडून म्हणाली, आणि तो पेला मातीत गेल्यापासून पहिल्यांदाच सगळ्या हसल्या.

जेवण झाल्यावर तरुणी ठकूबाईकडे गेली. एक पेला मिळेल का, असे तिने विचारले. ठकूबाईने रिकाम्या बाटल्या दाखवल्या. "तुझा तू सांडलास बाई. दुसरा नसतो." तिचा स्वर कठोर नव्हता; रिवाज होता, एवढेच. सायंकाळभर तरुणी बागेतून येरझाऱ्या घालत राहिली. चाळीस जणांना आपण नेमके काय शिकवायला निघालो होतो, याचे उत्तर तिला सापडत नव्हते. अकराशे आकडे हाताशी होते, आणि एका पेल्याची चुटपुट जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाट्या घेऊन बाया बागेत शिरल्या. त्यांच्या पाठोपाठ जाण्याआधी तरुणी बांधावर थांबली आणि वृद्धाला विचारून तिने चाळीस जणांना निरोप पाठवला: "रविवारचा वर्ग शहरात होणार नाही. इथे हुरडा तयार आहे. आणखी आठवडाभरच राहील. गुण द्यायला मी शिकवणार नाही. ज्यांना तेवढ्यासाठीच यायचे होते त्यांनी पैसे परत घ्यावेत. येणाऱ्यांनी सकाळी न खाता यावे आणि सोबत आपले एक माणूस आणावे. प्रत्येकाला एकच पेला मिळेल. तो प्यायचा आहे."