एका चौकडीचे दोन तुकडे

“ह्यातलं तिचं कोणतं, तेवढं सांगा बाबा. बाकी मला काही नको.”

केराबाईनं पदराची गाठ सोडली आणि कापडाचे दोन तुकडे लिंबनाथबाबांच्या पुढ्यात ठेवले. दोन्ही हिरवे. दोन्हींवर तांबडी बारीक चौकडी. दोन्ही धुऊन धुऊन सारखेच विटलेले.

माळावर नाथांचा मठ, मठात धुनी, धुनीपाशी बाबा. दुपार कलली होती. बाबांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग केराबाईकडे पाहिलं.

“तिचं म्हंजे कुणाचं?”

“विहिणीचं. द्रुपदाबाईचं.”

नाव घेताना केराबाईचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं.

“चहा घे आधी,” बाबा म्हणाले.

तिनं कपात डोकावलं. चहावर काहीतरी तरंगत होतं. चहाची पूडच होती ती, पण केराबाईनं कप हळूच बाजूला सारला.

ही केराबाई बाबांची जुनी शिष्यीण. त्यांच्याकडून मंत्र घेतलेली, रोज माळ ओढणारी. माणूस आपण चालीवरून ओळखतो, असं ती सांगायची. सांगायची तीच, दुसऱ्या कुणाकडून ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. पण बाई वाईट नव्हती. सुनेची पहिली दोन लेकरं हाती लागली नव्हती, तेव्हापासून तिला वारा हलला तरी त्यात कुणाचा तरी हात दिसायचा.

आता नातू झाला होता. सून वैजयंता माहेरीच होती आणि उद्या तिथं बारसं होतं.

बारशाला बापाकडच्या आजीनं मोहरीची उशी न्यायची, अशी त्यांच्या घरची रीत. मोहरी भरलेल्या उशीवर ठेवलं की लेकराचं डोकं गोल होतं. खोळ शिवायची ठिगळांची, घरच्यांनी नेसून-पांघरून मऊ केलेल्या कापडांची, आणि वरून बारीक धावदोरा घालायचा.

“कापडं निवडलीस कशी?” बाबांनी विचारलं.

“पारखून घेतली. सासऱ्यांचं धोतर अस्तराला. ल्योकाचा फेटा गालावर घासून बघितला, टोचत नाही. नणंदेचं लुगडं नाही घेतलं.”

“का?”

“देताना हसली.”

“अन् शेजारणीचं?”

“तिनं न मागता आणून दिलं, बाबा! न मागता कोण देतं? चुलीत घातलं.”

बाबांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही म्हणाले, ते काही केराबाईला कळलं नाही.

“अन् विहिणीचं?”

“तिनं मुद्दाम धाडलं. म्हणे ह्याच लुगड्यात वैजयंताला गुंडाळून निजवायची. इतकी वर्षं जपून ठेवलेलं कापड असतं का कुठं? लग्नात तिच्या हातचा शिरा खाल्ला, तर तीन दिवस मी अंथरुणाला खिळले होते. तेव्हाच मी ओळखलं.”

“शिरा लई खाल्ला असशील.”

“बाबा!”

“बरं, राहिलं. नको वाटतं तर लावू नको तिचं.”

“तीच तर अडचण हाये ना.” केराबाईचा आवाज खाली आला. “सुनेनं निरोप धाडलाय. माझ्या आईचं कापड नसलेल्या उशीवर मी बाळाचं डोकं ठेवणार नाही, म्हणाली. आणि… नांदायला यायचं का नाही, तेही उशी बघून ठरवीन म्हणाली.”

धुनीत लाकूड तडकलं. केराबाई दचकली.

“मग?”

“मग काय… माझ्या पेटीत माझं जुनं लुगडं निघालं. तीच चौकडी, तोच रंग. एकाच पेठेतलं असंल. म्हटलं, त्यातलाच तुकडा लावू. सुनेला वाटंल आईचा, अन् लेकरू सुखरूप राहील.”

बाबा हसले नाहीत.

“शहाणी हायेस. मग अडलं कुठं?”

केराबाईनं नख कुरतडलं. हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“माझा तुकडा जरा उजळ होता. दगडावर घासला, राखेनं चोळला. अगदी तिच्यासारखा केला. तिचाबी मिठाच्या पाण्यातून काढला, काही करणी असंल तर उतरावी म्हणून. दोन्ही एकाच दोरीवर वाळत घातले, अन् वावटळ आली. दोन्ही अंगणात पडले. उचलले, तर…”

“तर?”

“कोणता कोणाचा, कळंना.”

बाबांनी एक तुकडा उचलला, उन्हाकडे धरून पाहिला, मग दुसरा पाहिला. हुंगला. केराबाई त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचत होती. एकाएकी तिच्या मनात आलं, मागच्या पुनवेला द्रुपदाबाई नारळ घेऊन मठात आली होती म्हणे. बाबा तिच्या बाजूचे तर झाले नसतील?

“काय दिसलं?” तिनं विचारलं.

“सुती हाये.”

“बाबा, थट्टा नको. लेकराच्या डोक्याखालचा प्रश्न हाये.”

“आत मोहरी भरणार ना? मग घाबरतीस कशाला? लोक दृष्टबी मोहरीनंच काढतात.”

“मोहरी आत राहती. कापड वर राहतं. लेकराच्या कानाला कापड लागतं.”

“खरं हाये,” बाबा म्हणाले. अन् दोन्ही तुकडे त्यांनी पुढ्यात ठेवले.

मठातलं कुत्रं उठलं, अंग झाडलं, पुन्हा पडलं. केराबाईला वाटलं, कुत्रं आपल्याकडेच बघतंय.

“केरा.”

“जी.”

“ह्यातलं एक तुझं.”

“हो.”

“तू ते नेसलीस. त्यात तुझा ल्योक निजवलास.”

“…हो.”

“तुलाबी तुझं ओळखंना?”

केराबाईनं पुन्हा दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं.

“तुम्ही गुरू,” ती शेवटी चिडून म्हणाली. “तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. तुम्ही सांगत नाही, म्हंजे काहीतरी लपवताय.”

“बरं. ह्यातलं जे वाईट, ते जाळायचं?”

“जाळायचं.”

“मग दाखव बोटानं.”

तिनं डावीकडे बोट केलं. मागं घेतलं. उजवीकडे केलं. तेही मागं घेतलं. मग हात पदराखाली घेतला.

“ठीक,” बाबा म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही तुकडे मुठीत घेऊन चुरगळले, चाचपडत त्यातला एक ओढून काढला, आणि धुनीत टाकला.

केराबाईला सुटल्यासारखं वाटलं. एवढंसंच. श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच.

कापडाची एक कड काळी पडली. धूर निघाला. चौकडीतली एक तांबडी रेघ चमकली आणि तिथंच विझली.

‘तिचंच असंल, तर बरं झालं,’ केराबाईनं मनात म्हटलं.

आणि पुढच्याच क्षणी… तिचंच असंल तर? वैजयंता निजायची ते?

उठली कधी, वाकली कधी, तिचं तिलाही कळलं नाही. हात धुनीत गेला. निखारे उधळले. कुत्रं भुंकत बाहेर पळालं. बाबांनी डोळे उघडले तेव्हा केराबाई छातीशी तो तुकडा धरून जळती कड दुसऱ्या हातानं थापटत होती. बांगडी तापून मनगटाला चिकटली होती, तरी तिचं लक्ष नव्हतं.

बाबा सावकाश उठले. रांजणातून तांब्या भरून आणला, तिचा हात धरला, पाण्यात बुडवला. बांगडी हळू मागं सारली.

पाणी कोमट झालं तेव्हा कुठं ती बोलली.

“कडच जळालीय. कापून टाकली तर बसंल उशीत.”

“बसंल की.”

“मधोमध लावीन.”

“लाव.”

ती जायला निघाली. पायरीपर्यंत गेली. तिथं मुळातला स्वभाव पुन्हा आडवा आला, आणि ती वळली. तिनं तुकडा उन्हात उलटा केला, सुलटा केला. मग बाबांच्या मांडीशी पडलेल्या दुसऱ्या तुकड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“बाबा… हेच वैजयंताच्या आईचं ना?”

“हेच.”

“डोळे मिटून टाकलंत तुम्ही. मग कशावरून म्हणता?”

बाबा विखुरलेले निखारे चिमट्यानं एक एक करून धुनीत सारत होते. सगळे गोळा झाले, धग पुन्हा धरली, तेव्हा त्यांनी मान वर केली.

“नसंल, तर टाक परत.”