घड्याळामागची पाल

फार जुनी नाही, घरोघरी मोबाइल आल्यानंतरची गोष्ट. एका मंगल कार्यालयाच्या भिंतीवर काट्यांचं घड्याळ होतं आणि त्याच्यामागे एक पाल राहायची. आपल्याकडे कोणी बघत नाही म्हणून घड्याळ रुसलं आणि ऐन लग्नाच्या दिवशी उलटं फिरू लागलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात पाल चुकचुकली. सगळं वऱ्हाड दचकून भिंतीकडे बघू लागलं. घड्याळ हरखलं.

"मुहूर्ताला किती वेळ आहे हो, भटजी?" घड्याळावरची नजर न हलवता नवरीच्या मावशीने विचारलं. भटजींनी कनवटीचा मोबाइल काढला.

घड्याळाचं तोंड उतरलं. "मी यांना कळतच नाही," ते म्हणालं.

"मी तरी कुठे कळते?" पाल म्हणाली. "पण मला निदान घाबरतात."