इंदुमतीबाईंच्या नावानं आलेली नोटीस

“दीड वर्षापूर्वी गेलेल्या बाईनं गेल्या मंगळवारी दुपारी दोन तास दहा मिनिटं श्वास घेतला, असं एखादा कागद म्हणत असेल, तर तो कागद खरा कसा मानायचा, बाबा?”

बाबा विचारणाऱ्याचा खोकला ऐकत होते.

विचारणारे होते मोरेश्वर चिंचणकर. सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले. खोटी मृत्युपत्रं, बनावट सह्या, खाडाखोड केलेले दस्त, एकतीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं. आपण साक्षीला उभे राहिलो की भले भले वकील शब्द जपून वापरायचे, असं ते सांगत. मठात ते सगळ्यांना पाठ झालं होतं.

मठ आमचा नाथपंथी, डोंगरावरचा. रेवणबाबांचं वय ऐंशीच्या पुढं. मी इथली चूल सांभाळतो. बावीस वर्षं झाली. ज्ञान काही झालं नाही, भाकरी मात्र जमते.

त्या दिवशी साडेतीन-चारच्या सुमाराला मी दारात वाल सोलत बसलो होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

“कसला कागद?” बाबांनी विचारलं.

“ईमेल आहे. मी छापून आणलीय.”

चिंचणकरांनी कागद उलगडून बाबांसमोर ठेवला आणि कोर्टात सांगावं तसं सांगायला सुरुवात केली.

“इंदूला झोपेत श्वास अडकायचा त्रास होता. आमच्या लेकीनं, गौतमीनं, अमेरिकेहून यंत्र आणलं. नाकातोंडावर मुखवटा, त्याला नळी, नळीला डबा. डबा हवा देत राहतो. आता तिकडं हजारो लोकांनी मिळून त्या कंपनीवर दावा केला म्हणे. डब्यात आवाज दाबायला स्पंज असतो, तो झिजतो, त्याची भुकटी हवेबरोबर छातीत जाते. कंपनीनं कोर्टात तडजोड केली. ही त्या तडजोडीची नोटीस. यंत्र परत पाठवा, भरपाई घ्या. तडजोड मान्य नसेल तर तसं कळवा. मुदत परवापर्यंत.”

“मग?”

“मग काय? बनावट आहे. हल्ली असल्या ईमेल रोज येतात.”

“बनावट हाय हे ठरलंय, तर डोंगर कशाला चढलास?”

मला हसू आलं. मी मान खाली घालून वाल सोलत राहिलो.

चिंचणकर पुन्हा खोकले. बाबांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

“काय काय तपासलंस?”

हे विचारलं आणि माणूस ताठ बसला. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की ते असेच बसत.

“ईमेलमधल्या लिंकला हात लावला नाही. त्या कोर्टाची वेबसाइट स्वतः शोधून काढली. दाव्याचा क्रमांक तिथं आहे. वकिलांचा फोन नंबरही ईमेलमधला घेतला नाही, कोर्टाच्या कागदांतून घेतला. गौतमीनं फोन केला. ते म्हणाले, हो, नोटीस आम्हीच पाठवली. बँकेचा पासवर्ड मागितलेला नाही. आधी अमुक रक्कम भरा, असं म्हटलेलं नाही. यंत्राखाली छापलेला नंबर जुळतो.”

“म्हंजे समदं जुळलं.”

“एक वाक्य सोडून.”

त्यांनी त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं.

“‘आमच्या नोंदीनुसार आपण हे यंत्र अजूनही वापरत आहात. शेवटचा वापर मंगळवारी दुपारी, दोन तास दहा मिनिटं. कृपया वापर ताबडतोब थांबवावा.’ आणि वर नाव आहे... श्रीमती इंदुमती चिंचणकर.”

माझे हात थांबले. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई दर वर्षी मठासाठी लिंबाचं लोणचं घेऊन यायच्या. शेवटची बरणी अजून फडताळात आहे. छातीच्या दुखण्यानं गेल्या. ती बरणी उघडायचा मला धीर होत नाही.

“मी एकतीस वर्षं एकच नियम पाळला,” चिंचणकर म्हणाले. “कागदात एक ओळ अशक्य निघाली की अख्खा कागद खोटा. आणि कागद माझ्यापासून काही लपवू शकत नाही, बाबा. कोरा कागदसुद्धा नाही. वरच्या पानावर लिहिलेलं असतं ना, त्याचा दाब खालच्या पानावर उमटतो. नुसतं बघून दिसत नाही. तिरका उजेड टाकला की अक्षर न् अक्षर दिसतं.”

“आन् ती ओळ खरी निघाली तर?”

“कशी निघेल? ते यंत्र आपली खबर आपणच कळवतं, मान्य. आत सिमकार्ड असतं, मोबाइलसारखं. पण आधी कुणीतरी ते तोंडाला लावायला हवं. मुखवट्यात कुणी श्वास घेतला नाही तर नोंद होत नाही. घरात मी एकटा. यंत्र कपाटात पडलंय.”

बाबांनी नुसतं बोट केलं.

चिंचणकरांच्या पायाशी निळी रेक्झिनची पिशवी होती. तिच्यातून राखाडी नळीचं टोक बाहेर डोकावत होतं. मठातलं मांजर दोन हात अंतरावर बसून त्या नळीकडे बघत होतं. केव्हापासून बघत होतं कोण जाणे.

“हे कपाट का?”

...

“घरी एकटं ठेवून यायला बरं वाटेना,” चिंचणकर म्हणाले.

बाहेर वारा नव्हता. डोंगरावर वारा नसतो असं फार क्वचित होतं.

“हिकडं सरक,” बाबा म्हणाले. “दाराकडं तोंड कर.”

चिंचणकर सरकले. ऊन कललं होतं. उंबऱ्यावरून आत आलेली तिरीप आडवी त्यांच्या चेहऱ्यावर पडली, आणि मला ते दिसलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी निघून गालांवरून कानांखाली गेलेले दोन वळ. इतका वेळ मी त्यांच्यासमोर बसलो होतो, पण मला ते दिसले नव्हते. आधी वाटलं, चष्म्याचे असतील. पण चष्म्याची दांडी कानांखालून जात नाही.

बाबा जवळ वाकले.

“वरच्या पानावर काय लिवलं हुतं, मोरेश्वरा?”

चिंचणकरांचा हात गालाकडे गेला आणि तिथंच राहिला.

...

“ती जेवण झाल्यावर लवंडायची,” ते म्हणाले. “मुखवटा लावून, दुपारची दोन तास. त्याच वेळेला मी लावतो. तिच्या बाजूला झोपतो. सुरुवातीला आत तिच्या तेलाचा वास यायचा. आता येतो की नाही ते सांगता येत नाही. डोळे मिटले की आवाज तोच असतो, बाबा. तोच आवाज. वाटतं, इथंच आहे. कूस बदलून झोपलीय.”

“खोकला कधीपास्नं?”

“दिवाळीपासून.”

“आता दिवाळी जाऊन सहा म्हैने झाले.”

चिंचणकरांनी तांब्या उचलून दोन घोट पाणी घेतलं.

“लेकीला सांगितलंस, यंत्र लावतोस म्हून?”

“नाही. कपाटात आहे म्हणालो.”

“आन् हितं येऊनबी तेच म्हणालास.” बाबांचा आवाज चढला नव्हता. “म्हंजे ती ओळ खरी. नाव तेवढं चुकलं. आता एक सांग. कागद खरा निघाला तर तुझं काय जाईल?”

मला वाटलं होतं, हा माणूस आता वाद घालेल. वाद घालण्यात तो कधी हरला नव्हता. पण चिंचणकरांनी स्वतःचे हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत बसले.

“पट्टे मी बांधायचो, बाबा. सहा वर्षं, रोज. ती नको म्हणायची. घशात खवखवतं म्हणायची. मी म्हणायचो, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का? एकदा म्हणाली, अहो, सकाळी उशीवर काळे कण असतात, बघा ना. मी पाहिले. खरंच होते. आणि म्हणालो, काजळ असेल तुझं... काजळ. आणि पट्टा आणखी घट्ट केला.”

त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“शाईचा एक ठिपका बघून मी पेन सांगायचो. त्या उशीवर मी एकदा भिंग धरलं नाही.”

मांजर उठलं, जागेवरच फिरलं आणि पुन्हा तिथंच बसलं.

मग चिंचणकरांनी डोळे पुसले, कागद उचलला, घडी घातली. बोलले ते एकदम कोरडं.

“पण ते काजळच होतं. ती काजळ घालायची. हा कागद खोटा आहे.”

मला त्यांचा राग आला. आणि मग वाटलं, मी तरी दुसरं काय म्हणालो असतो?

“बरं,” बाबा म्हणाले. “कागद खोटा. म्हंजे यंत्र चांगलं हाय.”

“हो.”

“काढ भाईर. चालू कर.”

मठात विजेचं एकच सॉकेट आहे, फोन चार्ज करायचं. त्याखाली चिंचणकरांनी यंत्र मांडलं. पिवळट पडलेला डबा, नळी, पारदर्शक मुखवटा, त्याला निळे पट्टे. बटण दाबल्यावर डब्याच्या काचेवर उजेड आला. इंग्रजी मला जेमतेम वाचता येतं, पण तेवढं वाचता आलं. स्वागत, इंदुमती.

मग ते श्वास घ्यायला लागलं.

आधी हळू. मग लांब. आत... बाहेर... मध्ये थोडं थांबून पुन्हा आत. गाढ झोपलेल्या बाईचा असावा तसा. दगडी खोली त्या आवाजानं भरली. मांजर भिंतीला घासत बाहेर पळालं.

आमच्याकडे शिकवण आहे ती श्वासाचीच. बावीस वर्षं बाबा मला सांगत आले, श्वासाकडे बघ, नुसता बघ. मला कधी जमलं नाही. त्या डब्यानं ते दोन मिनिटांत करून घेतलं. माझा श्वास त्याच्या तालावर चालला होता. तो थांबला की मी थांबत होतो. हे ध्यानात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

बाबांनी मान पुढं केली.

“बांध.”

“कुणाला?”

“मला. म्हातारा झालो. मलाबी झोप लागत न्हाई.”

चिंचणकर हसायला गेले, ते जमलं नाही. त्यांनी मुखवटा उचलला. पट्टे दोन्ही हातांत धरले. बाबांच्या पांढऱ्या केसांपर्यंत हात नेले.

तिथं ते हात थांबले.

“बांध की. यंत्र चांगलं हाय म्हणालास.”

पट्ट्याची कडी मुखवट्यावर आपटून बारीक वाजत होती.

...

बाबांनी त्यांच्या हातांतून मुखवटा हलकेच काढून घेतला. आपल्या नाकातोंडावर दाबून धरला आणि डोळे मिटले.

आवाज बदलला. यंत्राला माणूस सापडला होता. आता तो श्वास खोल जात होता, आणि बाबांची छाती त्याच्याबरोबर वर-खाली होत होती. काचेवर इंदुमती हे नाव तसंच होतं, त्याखाली आकडा आला. एक मिनिट. सातासमुद्रापार कुठल्या तरी वहीत त्या क्षणी लिहिलं जात असेल की इंदुमतीबाई श्वास घेत आहेत.

“बाबा, पुरे,” चिंचणकर म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“बाबा, ऐका माझं.”

दोन मिनिटं. मी उठून उभा राहिलो. बाबांच्या मिटलेल्या पापण्यांखाली काही हलत नव्हतं.

“काढा ते!” चिंचणकर ओरडले. त्या माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “काढा, बाबा! विष आहे त्यात! मी बघितलंय... मी बघितलंय!”

आणि त्यांनी वायर धरून प्लग उपटला.

काच काळी झाली. अर्धा घेतलेला श्वास तसाच राहिला.

खोलीत काहीही आवाज नव्हता. पुढचा श्वास मला स्वतःहून घ्यावा लागला, आणि तो घेणं जमेल की नाही याची मला खरोखर भीती वाटली.

चिंचणकर गुडघ्यांवर बसले होते. हातात वायर होती. बाबांनी मुखवटा खाली ठेवला. ऊन आणखी आत आलं होतं, ते आता त्यांच्या तोंडावर होतं.

बाबांच्या पांढऱ्या मिशीवर एक कण होता. काळा.

त्यांनी तो बोटाच्या टोकावर टिपून घेतला आणि बोट उन्हाच्या तिरिपेत धरलं.

चिंचणकरांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथं भिंग असतं, निवृत्त झाले तरी असतं. हात खिशापाशी पोचला आणि तिथंच राहिला.

बाबांनी बोट त्यांच्या डोळ्यांजवळ नेलं. आजारी माणसाशी बोलावं इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं,

“बघ मोरेश्वरा... काजळ हाय का?”