घोंगडीतले तीन चाकर

एका राज्यात वैशाख वद्य एकादशीला ऊन कडक होते, वारा पडला होता, आणि त्या दिवशी राजकन्या रत्नमंजिरी आपल्या बापाचे नाव विसरली.

शिकारीला गेलेल्या राजा विक्रांतसेनाने एका मांत्रिकाच्या गुहेतून सोन्याच्या तारांची घोंगडी न विचारता उचलून आणली होती. लेकीने ती पांघरली आणि तिला खाज सुटली. मागोमाग मांत्रिक सज्जात प्रकटला.

"घोंगडीत माझे तीन चाकर होते," तो म्हणाला. "ज्याला त्याच्या घरातून काढाल, तो जाईल. भलत्या घरात शोधाल, तर दर चुकीला मुलगी एक नाव विसरेल. शेवटी स्वतःचे."

इतके बोलून तो धूर झाला.

"किडे ते किडे! गाद्या जाळा," राजा गरजला. गाद्या जळाल्या, डोक्यातली खाज तशीच राहिली, बापाचे नाव गेले. मग पायांवरचे चावे थांबावेत म्हणून राजाने स्वतःसकट सगळ्या महालाचे मुंडन करवले. लेकीच्या केसांना मात्र हात लावू दिला नाही. चावे वाढले आणि भावाचे नाव गेले.

तेव्हा राणी कुमुद्वती म्हणाली, "महाराज, आता थांबावे. कोण कुठे राहतो ते मला आधी पाहू द्या."

गोशाळेतला गायबगळा माणसासारखा बोलत असे. तो खिडकीत येऊन म्हणाला, "राणीसाहेब, महाराजांचे टक्कल उन्हात फार शोभते."

"गप्प बस, आणि सांग, ही कोण?" राणीने लेकीच्या केसांतली ऊ काढून फरशीवर ठेवली.

"माझा धंदा गाईगुरांच्या अंगावरचा. डोक्यातले मला काय ठाऊक!"

म्हणून राणीनेच पाहिले. उवेला उडी येत नव्हती, ती नुसती सरपटत होती. फरशीवर उपाशी राहून ती दुसऱ्या दिवशी मेली. तिच्या लिखा केसांच्या मुळाशी डिंकाने चिकटवल्यासारख्या होत्या. "हिचे सगळे आयुष्य डोक्यातच," राणी म्हणाली. तिने लेकीला पुढ्यात घेतले, तेल लावले आणि शेवटची लीख निघेपर्यंत रोज फणी फिरवली. पहिला चाकर गेला.

दुसरा चाकर पिसू. ती उडी मारून नडगीला चावे आणि पुन्हा महालातल्या मांजराच्या केसांत शिरे. राणीने मांजरालाच तिचे घर मानले, त्याला धुतले, विंचरले. संध्याकाळी रत्नमंजिरीने राणीला विचारले, "बाई, आपले नाव काय?"

आईचे नाव गेले. राणीने मांजर पुन्हा मांडीवर घेतले. पिसवेची अंडी केसांना चिकटत नव्हती, मिठाच्या कणांसारखी घरंगळून खाली पडत होती. त्या राज्यात घरात आजारी माणूस असेपर्यंत केर बाहेर टाकत नसत. लक्ष्मी जाते म्हणून तो पलंगाखाली लोटत. राणीने वाकून पाहिले. केरात बारीक अळ्या वळवळत होत्या.

तिने स्वतः केरसुणी उचलली.

"राणी, रीत मोडते आहे!"

"मोडू द्या, महाराज. मुलगी राहू द्या."

केर अंगणात जाळला, सतरंज्या उन्हात टाकल्या. दुसरा चाकर गेला.

आता मुलीचे स्वतःचे नाव तेवढे उरले होते, म्हणजे एकच चूक. मुलीच्या कानामागे दाण्याएवढी करडी गोचीड टम्म फुगली होती. राजाने ती ओढायला हात घातला.

"हात मागे, महाराज!" बगळा ओरडला. "हा माझा धंदा. पाय मोजा, आठ आहेत. ऊ-पिसवांना सहाच. ही कोळ्याच्या कुळातली. तोंड कातडीत रोवून बसते. पोट दाबून ओढाल तर तोंड आतच राहील."

"म्हणजे हिचे घर मुलीचे अंग?" राणीने विचारले.

"छे! इथे ती जेवायला येते. पोट भरले की गळून पडते आणि गवतात अंडी घालते. पिले गवताच्या पात्यावर बसून पुढच्या पाहुण्याची वाट पाहतात."

रत्नमंजिरी रोज गोशाळेमागे वासराशी खेळत असे. राणीने आधी तिथले गवत कापून जाळवले. वासराच्या अंगावरच्या गोचिडी बगळ्याने टिपल्या. मग राणीने चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत धरली आणि सरळ, सावकाश ओढली. ती तोंडासकट आली.

त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध दशमी होती, आभाळ भरले होते, पाऊस नव्हता. रत्नमंजिरीने बापाचे, भावाचे, आईचे आणि स्वतःचे नाव घेतले. घोंगडी गुहेत परत ठेवण्यात आली. मांत्रिकाचे नाव त्यानंतर राज्यात कोणालाच आठवले नाही.