कासवाची समाधी

"एवढं करूनही मला दीक्षा नाहीच म्हणता, आक्का?"

भालचंद्राचा आवाज चढला होता. नदीकाठच्या लहानशा मठात गोदाक्का ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"एवढं म्हणजे काय केलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, कासव अंग आवरून घेतं तशी इंद्रियं आवरावीत. मी कासवच आणलं. दुकानातलं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं. स्लायडर म्हणतात त्याला. देवघरात काचेच्या भांड्यात ठेवलंय. रोज त्याच्यासमोर ध्यानाला बसतो."

"बरं..."

"आधी फार चंचल होतं. सारखं काचेला धडका द्यायचं. आता हलत नाही, खात नाही, डोळे मिटलेले. माझ्या सहवासात त्याला समाधी लागली, आक्का!"

मेथी निवडणारे हात थांबले.

"घेऊन ये त्याला."

भालचंद्राला वाटलं, घोडं गंगेत न्हालं! तो धावत घरी गेला आणि प्रसादाचं ताट आणावं तसं ते भांडं घेऊन आला.

आक्कांनी कासव तळहातावर घेतलं. डोळे सुजले होते. पाठीवर हलकेच अंगठा टेकवला, तर कवच दबलं.

"पाण्याबाहेर बसायला जागा होती याला?"

"नाही... पाणीच."

"ऊन?"

"देवघरात ऊन कुठलं?"

"खायला?"

"पुडीतले दाणे."

"अरे, समाधी कसली? मरायला टेकलंय ते."

भालचंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या हौसेने आणलेला जीव त्याच्याच हातून चालला होता.

"नदीत सोडू का, आक्का? सुटेल बिचारं."

"परमुलखातलं ते. जगलं तर इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढेल. तू आणलंस ना? मग तूच सांभाळ. आधी डॉक्टर गाठ."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, डोळ्यांत घालायला थेंब दिले, आणि भालचंद्राला चार शब्द सुनावले ते वेगळेच. मठाच्या अंगणात मोठं घमेलं आलं, अर्धं उन्हात, अर्धं सावलीत. त्यात चढून बसायला वीट. भालचंद्र रोज पाणी बदलू लागला, गाजर किसू लागला, मेथीची पानं तोंडापाशी धरून "खा रे बाबा" म्हणू लागला. ध्यानाची वेळ टळून जायची. त्याच्या लक्षातही यायचं नाही.

एका सकाळी कासव विटेवर चढलं. मान उंच केली, मागचे पाय ताणले, बोटं फाकवली आणि उघड्या डोळ्यांनी उन्हात निवांत पसरलं.

भालचंद्राला रडू फुटलं. त्याने आक्कांचे पाय धरले.

"फार उपकार झाले, आक्का. मी तर हात जोडून मारलं असतं त्याला."

आक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पण जित्याची खोड ती! डोळे पुसता पुसता त्याने विचारलंच.

"आक्का, मग मी इंद्रियं आवरायची कधी?"

आक्कांनी घमेल्याशेजारची फरशी पदराने झाडली.

"आधी इथं उन्हात बस."