शंखबेटावरची दुसरी जागा

“कौन्सिलात दुसरी जागा हवी? मिळेल की!” गव्हर्नर सर हंफ्री म्हणाले. “ज्या दिवशी एखादा गोरा आपल्या पायांनी येऊन तुमच्या मतदानाच्या रांगेत उभा राहील, त्या दिवशी दिली म्हणून समजा!”

कौन्सिलातले सहाही गोरे मेंबर टेबलं बडवून हसले. सातवे, म्हणजे हिंदी लोकांचे एकुलते एक मेंबर दाजी मास्तर, मान खाली घालून बसले. चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला साहेबांचा खानसामा धाकू मांजरेकर मात्र अटीचा शब्दन्‌शब्द मनात घोळवत राहिला.

शंखबेटावर सरकारचा न्याय मोठा काटेकोर. मूठभर गोऱ्यांना सहा जागा, हजारो हिंदी लोकांना एक आणि बेटाच्या मूळ रहिवाशांना एकही नाही, कारण त्यांची काळजी म्हणे गव्हर्नर स्वतःच वाहत. हिंदी लोकांतही मत कुणाला, तर फक्त बंगल्यांवरच्या नोकरांना! आपलं मीठ खाणारे आपलंच ऐकतील, असा साहेबलोकांचा हिशेब. गोऱ्यांची मतपेटी क्लबात, पंख्याखाली. हिंदी लोकांची कस्टम हाउसच्या मागे उन्हात, एक टेबल आणि एक कारकून.

आता एका जागेने अडत कुठे होतं? कौन्सिलात ठराव मांडला की दुसऱ्या मेंबराने ‘अनुमोदन’ म्हणावं लागे, नाही तर ठराव तिथेच बारगळे. उसाच्या मळ्यांजवळ दवाखाना काढा, असा ठराव दाजी मास्तर दरवर्षी मांडत. सहाही गोरे तेवढ्यापुरते छताकडे बघत. धाकूची सून गेल्या पावसाळ्यात बाळंतपणासाठी शहराकडे निघाली आणि वाटेत बैलगाडीतच गेली. ते दुःख धाकूच्या काळजातून हलत नव्हतं.

“संपलं रे धाकू,” दाजी मास्तर मुदपाकखान्याच्या दाराशी येऊन म्हणाले. “गोरा कशाला तडफडायला येतोय आपल्या रांगेत?”

“येतील हो मास्तर! पोटापायी माणूस कुठे कुठे जातो. आपण नाही का समुद्र ओलांडून आलो?”

निवडणुकीपूर्वी सर हंफ्रींनी दोन हुकूम काढले. हिंदी लोकांना रांगेत दगड नाही तर चप्पल ठेवून नंबर धरायची आणि खुशाल सावलीत गप्पा मारत बसायची सवय. साहेबांच्या शिस्तीला ते खपेना. म्हणून पहिला हुकूम : जागेवर माणूसच उभा हवा, वस्तू चालणार नाही! दुसरा हुकूम : मतदाराला रांगेतून हलवील त्याला कैद! धाकूने दोन्ही हुकूम ऐकले आणि संध्याकाळी बंगल्याबंगल्यांतून फिरून आला.

मतदानाच्या सकाळी शंखबेटाच्या एकाही बंगल्यात चूल पेटली नाही. खानसामे, माळी, धोबी, गाडीवान, सगळे पहाटेपासून रांगेत! आयासुद्धा नवऱ्यांच्या भाकऱ्या घेऊन कडेला येऊन बसल्या होत्या. कारकून एकेक नाव चवीचवीने वाचत होता आणि रांग मुंगीच्या चालीने सरकत होती.

उन्हं चढली तसे सर हंफ्री स्वतः तणतणत आले. पोटात चहाचा थेंब नव्हता.

“धाकू! हा काय चावटपणा? चल घरी!”

“साहेब, मला हलवलंत तर आपल्यालाच कैद होईल. हुकमाखाली सही आपलीच आहे!”

“मग चप्पल ठेव आणि चल!”

“चप्पल आपणच बंद केलीत. माणूस लागतो.”

“दुसऱ्या कुणाला उभं कर!”

“कुणाला? हा पुढे आपला माळी, हा मागे आपला धोबी. आता आपणच जरा इथे टेकलात, तर मी धावत जाऊन चहा-आमलेट घेऊन येतो!”

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. पण चार माणसं पुढे त्यांना मळेवाले प्रिंगल दिसले, कौन्सिलाचे मेंबर! आपल्या खानसाम्याच्या जागी ते मुकाट्याने उभे होते. त्यांच्या पुढे बँकेचे मॅनेजर होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सर हंफ्री धाकूच्या जागी रांगेत शिरले.

धाकू ट्रे घेऊन परतला, तोवर रांगेत जागोजागी गोरे उभे होते. साहेबांनी उभ्या उभ्याच दोन कप रिचवले.

“साहेब, आता आमची दुसरी जागा?” धाकूने हळूच विचारलं.

“काय? अरे, मी तर तुझा नंबर धरला होता!”

“अट पायांची होती, साहेब, कारणाची नव्हती. पाय आपलेच आहेत ना? आणि आपण एकच गोरा मागितला होता, इथे चाळीसेक आलेत. पण आम्ही हावरट नाही. एकच जागा द्या!”

सर हंफ्रींनी रांगेवरून नजर फिरवली आणि त्यांना हसू आवरेना. “दिली! आणि तुला स्वतःला काय हवं?”

“मळ्यांजवळ दवाखाना.”

“ते माझ्या एकट्याच्या हातात नाही. मेंबरांनी हो म्हणायला हवं.”

“म्हणतील की! शहरातल्या दवाखान्याची रांग हिच्यापेक्षा लांब असते, साहेब.” धाकूने रिकामा कप उचलला. “आणि आम्हा खानसाम्यांचं काय, एकाच दिवशी सगळे आजारी पडू शकतो!”

“अनुमोदन!” पुढून प्रिंगलसाहेब उपाशीपोटी ओरडले आणि रांगेतल्या बाकीच्या मेंबरांनी माना डोलावल्या. सर हंफ्री पोट धरधरून हसले आणि तिथेच, ट्रेवर कागद ठेवून, त्यांनी दवाखान्याच्या हुकमावर सही ठोकली.