आढं प्राधान्यक्रमात बसत नाही

एका रानात एक सरकारी शाळा होती. "पोर शाळेत घालण्याआधी तिच्या आढ्याकडे बघ गं एकदा," निवृत्त हेडबाई घोरपडआजींनी रेवती टिटवीला बजावलं होतं. रेवती हसली होती. टिटव्यांची घरटी उघड्या माळावर. पोर छपराखाली शिकणार याचंच तिला केवढं अप्रूप! शिवाय ती पदवीधर. "आजी, आता नवं धोरण आलंय," म्हणत तिनं बिट्टूच्या पाठीला पिवळं दप्तर अडकवलं.

महिन्याभरात बिट्टू डोक्यावर पिठूळ भुगा घेऊन घरी यायला लागला.

"वरून पडतं, आई."

"खडू असेल रे."

"खडू कसा? गुरुजी तर गणनेला गेलेत."

"कसल्या?"

"वाळवीच्या."

रेवतीनं त्याच्या डोक्यावरचा भुगा झटकला. ती पालकसभेला गेली. शालेय विकासमंत्री तरसभाऊ प्राधान्यक्रम जाहीर करत होते.

"पहिलं प्राधान्य, कमान! कमान नसेल तर मुलं येणार कुठून?" टाळ्या. "दुसरं, कमानीवर माझा फोटो. लेकरांना प्रेरणा नको? तिसरं, डिजिटल फळा!"

"साहेब, शाळेत वीज नाही," मागून ससा म्हणाला.

"तो ऊर्जा खात्याचा विषय आहे."

रेवती उठली. "साहेब, आढ्याला वाळवी लागलीय. आमची पोरं त्याच्याखाली बसतात."

तरसभाऊंचा चेहरा पडला. "ताई, शब्द जपून. 'लागलीय' काय? आपले वाळवीबांधव रानातले सर्वांत मोठे मतदार आहेत."

आढ्यातून घोषणा आली, "कोण म्हणतं मिळणार नाही, खाल्ल्याशिवाय राहणार नाही!"

"बघा, किती जागरूक समाज!" तरसभाऊंनी छपराला नमस्कार केला. "आणि टिटव्यांचं काय घेऊन बसलात? आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी जात!"

सभा पोट धरून हसली. ससासुद्धा.

तरी तक्रार आली म्हणून समिती नेमली. आढ्याची पाहणी आढ्यात राहणाऱ्यांनीच केलेली बरी, या न्यायानं सगळे सदस्य वाळवीचे. त्यांनी आतून कसून पाहणी केली. अहवाल आला: आढं उत्तम आहे, अजून बरंच शिल्लक आहे.

रेवतीनं ठरवलं, कमानीचं उद्घाटन झालं की बिट्टूचं नाव काढायचं. त्याआधी दाखला मिळत नव्हता. पटसंख्या फोटोत दिसायला हवी होती.

उद्घाटनाच्या दिवशी मुलांना सकाळपासून वर्गात कोंबून हातात झेंडे दिले. मंत्र्यांचा मंडप मात्र बाहेर मैदानात, मोकळ्या आभाळाखाली. सुरक्षेचा प्रश्न होता. पालकांना कमानीबाहेर थांबवलं. तरसभाऊंनी फीत कापली, तुतारी वाजली आणि वर्गात काहीतरी करकरलं.

रेवतीनं गळा फाडून टाहो फोडला.

"शुभकार्यात टिटवी ओरडतेय," पहाऱ्यावरचा रेडा खेकसला. "अपशकुन! हाकला हिला."

पुन्हा करकरलं. मंडपातल्यांना वाटलं, टाळ्या.

कमानीवर आता इतका मोठा फोटो आहे की मागचं छप्पर इथून दिसतच नाही. रेवती अजून कुंपणाशी उभी आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, हाका मारतेय:

"अहो, जरा थांबा. तुम्ही मतदार दिसता, तुम्हाला सोडतील आत. कमानीचं थोडं कौतुक करा, म्हणजे अडवणार नाहीत. तिसऱ्या रांगेत, पिवळं दप्तर. बिट्टू म्हणून हाक मारा. ओ देतोय का, एवढंच बघून या."